गाडीमागची पावलं

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला राहत होतो तेव्हा आमचं घर तळ्याच्या पलीकडे होतं. गाव, हायवे, दुकानं, सगळं अलीकडे आणि आम्ही दोघंच पलीकडे. नवरा लोखंडाच्या खाणीत मेटलर्जिस्ट होता, मी गावातल्या लहानशा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचे. ओळखीची सगळी मराठी मंडळी डॅलसजवळ नाहीतर कॅलिफोर्नियात. सनीव्हेलची मैत्रीण फोनवर विचारायची, "यार, तुम्ही तिथे नक्की करता काय?" मी म्हणायचे, "बर्फ उपसतो." यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

घर घेतलं ते उन्हाळ्यात. नोव्हेंबरात कळलं, की हायवेपासून घरापर्यंतचा कच्चा रस्ता हिवाळ्यात कुणीच साफ करत नाही. मग तिथल्या लोकांसारखंच आम्हीही करायला लागलो. कार हायवेच्या कडेला लावायची आणि तळं गोठलं की उरलेलं अंतर तळ्यावरून स्नोमोबिलनं कापायचं. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, वर स्कूटरसारखी लांब सीट. मी पुण्यात लूना चालवली होती. त्या मानानं हे सोपं होतं. समोरून कुणी येत नाही.

ही गाडी आम्हाला शेजारच्या बाईंनी दिली होती. शेजार म्हणजे झाडांमधून त्यांच्या धुराड्याचा धूर दिसायचा एवढाच. साठीच्या, फिनलंडहून आलेल्या आईबापांच्या पोटी इथेच जन्मलेल्या, उंच, कमी बोलणाऱ्या. आम्ही आपापसात त्यांना काकू म्हणायचो. त्या गोड पाव करायच्या त्यात वेलदोडा असायचा. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. त्यांनी दुसरा तुकडा कापून दिला.

त्यांचा नवरा काही वर्षांपूर्वी ह्याच तळ्यात बुडून गेला होता. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. गाडी त्याची, हेही ठाऊक होतं. "शेडमध्ये पडून आहे, मी चालवत नाही, तुम्ही वापरा," असं त्या म्हणाल्या आणि आम्ही वापरायला लागलो.

पहिल्या हिवाळ्यात तिनं काही त्रास दिला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या सुमाराला, मी कामावरून येताना किनाऱ्याजवळच्या टपालपेटीपाशी थांबले. इंजिन चालूच ठेवलं, उतरले, पेटी उघडली. पाठीमागे इंजिनाचा आवाज किंचित लांब गेल्यासारखा वाटला. वळून बघितलं तर गाडी जरा पुढे होती.

उतार असेल, असं मनाशी म्हणाले आणि बसून घरी आले. पण तळ्यावर उतार कसला?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "क्लच असणार." या गाडीला गिअर नसतात. इंजिनाच्या दांड्यावर दोन चकत्यांचा क्लच असतो. इंजिन मंद चालू असताना चकत्या एकमेकींपासून लांब राहतात, मधला बेल्ट सैल असतो, गाडी उभी राहते. हँडलवरचा थ्रॉटल दाबला की चकत्या जवळ येऊन बेल्टला चिमटीत धरतात आणि गाडी निघते. थ्रॉटल सोडला की स्प्रिंग त्यांना पुन्हा लांब करते. "तुझ्या क्लचच्या चकत्या पूर्ण सुटत नसतील," तो म्हणाला. "बेल्ट थोडा धरून ठेवत असतील. रविवारी बघतो."

रविवारी खाणीतून फोन आला आणि तो गेला. रविवार तसाच राहिला.

नंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी लवकर निघाले. आभाळ खाली आलं होतं. तळ्यावर आले तेव्हा बारीक बर्फ पडत होता, वारा नव्हता. असा बर्फ पडताना वर-खाली, मागे-पुढे सगळं एकाच रंगाचं होतं. आपण भांड्यात ठेवलेल्या वस्तूसारखे वाटतो. तळ्याच्या मध्यावर मागे बांधलेली किराणाची पिशवी घसरली. मी थांबले, उतरले, मागे जाऊन पिशवी उचलली, सांडलेले कांदे गोळा केले. मान वर केली तर गाडी नव्हती.

आवाज होता. टुकटुक टुकटुक, शांत, आपल्या नादात. पांढऱ्यात कुठेतरी.

आता हे वाचताना कुणालाही वाटेल की मी धावत सुटले असेन. मी चालले. पिशवी पोटाशी धरून, गाडीच्या पट्ट्याच्या खुणेशेजारून, साध्या चालीनं. वाटत होतं की आत्ता थांबेल, दोन पावलं टाकली की सापडेल. सापडलीच. मागचा लाल दिवा दिसला, अगदी समोर. मी हात पुढे केला आणि ती तेवढीच पुढे सरकली. पुन्हा चालले, पुन्हा तसंच. मी चालले की माझ्याच चालीनं ती चालायची. पायाखाली तळं बोलायला लागलं. गोठलेलं तळं आवाज करतं, त्याची सवय झाली होती. रिकाम्या पिंपावर कुणी तळहात मारावा तसा घुमारा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. पण त्या दिवशी तो माझ्या पायांखालून गाडीच्या दिशेनं गेला, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की गाडीवर कुणीतरी बसलंय. दिसत नव्हतं कुणी. सीट स्पष्ट दिसत होती, तिच्यावर बर्फ साठत होता. तरीही तसं वाटलं.

मग बर्फात रोवलेल्या स्प्रूसच्या झाडाच्या फांद्या दिसल्या. मासे पकडणारे लोक पातळ बर्फाच्या अलीकडे अशा फांद्या लावून ठेवतात. त्यांच्या पलीकडे ओढा तळ्याला मिळतो, आणि वाहत्या पाण्यावर बर्फ धड धरत नाही. गाडी सरळ त्या फांद्यांकडे निघाली होती. पिशवी टाकून मी धावले, सीटवर आडवी पडले आणि लाल बटण दाबलं.

इंजिन बंद झाल्यावर ओढ्याच्या पाण्याचा आवाज ऐकू आला. फार जवळून.

घरी जाण्याऐवजी मी काकूंकडे गेले. त्यांनी कॉफी समोर ठेवली आणि माझ्या बुटांवरचा बर्फ बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. गाडी आपोआप निघाली, मी मागे चालत गेले, फांद्या दिसल्या. बोलता बोलता लक्षात आलं की त्यांनी स्वतःचा कप उचललेलाच नाही.

"कुठल्या बाजूला वळली?" त्यांनी विचारलं.

"ओढ्याकडे."

"तू धावलीस?"

"नाही. चालले. का ते माहीत नाही."

त्या उठून खिडकीशी गेल्या. पाठ माझ्याकडे ठेवून बोलल्या, त्यामुळे चेहरा दिसला नाही. त्यांचा नवरा खाणीत होता. मंदी आली, खाणीनं माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. हिवाळाभर घरी बसून होता, बोलत नव्हता. एके दिवशी मासे पकडायला म्हणून तळ्यावर गेला. संध्याकाळी गाडी ओढ्यापलीकडच्या लव्हाळ्यात सापडली, पेट्रोल संपलेली, किल्ली चालूवर. गाडीच्या खुणेशेजारी त्याच्या बुटांचे ठसे होते. लांबवर, एका ओळीत, सारख्या अंतरावर. शेरीफ म्हणाला, गाडीनं बर्फाला तडा दिला असणार आणि मागून येणारा माणूस आत गेला. पण हा मागून चालत का येत होता, हे कुणाला सांगता येईना. वसंतात तो ओढ्याच्या मुखाशी सापडला.

"पावलं घाईची नव्हती," काकू म्हणाल्या. "सगळ्यांनी बघितली. घसरला असता, धावला असता, तर तसं दिसलं असतं. तो शांतपणे चालत गेला होता. गावात कुणी माझ्या तोंडावर बोललं नाही. चर्चमध्ये सगळे फार चांगले वागायला लागले. त्यावरूनच कळलं त्यांना काय वाटतं ते. मलाही तेच वाटत आलं."

त्या वळल्या. "तेव्हाही ती अशीच आपोआप जायची का? तुझा नवरा सांगू शकेल?"

त्या संध्याकाळी आमच्याकडे जे झालं त्याला भांडणच म्हणायला हवं. मला तो क्लच घरात नको होता. मी म्हणाले, "अरे, नवीन बसवू. उद्याच्या उद्या." गावातल्या स्नोमोबिलवाल्याला फोन करून झाला होता, त्याचंही मत होतं की एवढ्या जुन्या क्लचला हात लावण्यात अर्थ नाही, सबंध बदला. नवऱ्याला हे पटत नव्हतं. त्याच्या हातून कधी काही फेकलं गेलेलं नाही. लग्नात आलेला मिक्सर त्यानं तीनदा उघडला होता.

"अगं, आतला बुश झिजला असेल, स्प्रिंग बसली असेल," तो म्हणाला. "तेवढंच बदललं की झालं. चकत्या चांगल्या असतील तर सगळं का टाकायचं?"

"तू तिच्या मागे चालला नाहीस. मी चालले."

"ते मशीन आहे."

"मला माहीत आहे ते मशीन आहे!"

शेवटी ठरलं, की आधी उघडून बघायचं, दुरुस्त करायचा की बदलायचा ते मग. काकूंनाही मी बोलावलं, आणि शनिवारी सकाळी त्या पावाची पिशवी घेऊन आल्या. नवऱ्यानं ओट्यासमोरच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती. आधी आम्ही अंगणात गाडीपाशी गेलो. क्लच दांड्यावर असा काही घट्ट बसला होता की तो ओढून काढायच्या पुलरचा बोल्ट आवळता आवळता नवरा घामाघूम झाला, आणि शेवटी बंदुकीसारखा आवाज होऊन क्लच सुटला. आम्ही तिघंही दचकलो.

टेबलावर आणून उघडल्यावर आतून काळी भुकटी निघाली, बेल्टची. काकूंच्या पांढऱ्या कफांवर ती बसली तरी त्यांनी झटकली नाही. नवऱ्यानं बुश, म्हणजे दांड्याभोवतीचं धातूचं कडं, बोटावर फिरवून दाखवला. भोक गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं. सरकणारी चकती त्यामुळे तिरकी होऊन अडकायची. स्प्रिंगही बसली होती. चकत्यांच्या तोंडावर मात्र बोटाला लागेल अशी खोबण नव्हती.

"हे दुरुस्त होईल," तो म्हणाला. मग त्यानं काकूंकडे बघितलं.

"ही झीज किती जुनी आहे?" त्यांनी विचारलं.

मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. एवढंच तर बोलायचं होतं त्यानं. जुनी आहे, तेव्हाची आहे, बस्स. तो बुश हातात फिरवत राहिला.

"एका हिवाळ्यात एवढी होत नाही," तो सावकाश म्हणाला. "तेव्हा सुरुवात झालेली असू शकेल. पण होतीच असं मी नाही सांगू शकत. सॉरी."

मला त्याचा इतका राग कधी आला नव्हता. काकूंना आला नाही. त्यांनी मान हलवली, जणू खोटं बोलला असता तर त्यांना लगेच कळलं असतं. मग म्हणाल्या, "आहे तसा परत बसव. मला बघायचंय ती कशी जाते ते."

नवरा नाही म्हणेल असं वाटलं होतं. त्यानं क्लच पुसला आणि परत बसवला. दुपारी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. त्यानं बर्फाला भोकं पाडून जाडी बघितली, फांद्यांच्या बऱ्याच अलीकडची जागा निवडली आणि स्पार्क प्लगच्या टोपीला एक लांब दोरी बांधली. दोरी ओढली की टोपी निघणार, इंजिन बंद. दोरीचं टोक त्यानं मनगटाला गुंडाळलं. आभाळ मोकळं होतं, ऊन होतं, तळं लखलखत होतं. भ्यावं असं काहीच नव्हतं. इंजिन चालू करून तो बाजूला झाला.

गाडी थोडा वेळ जागेवरच थरथरत उभी राहिली. मग निघाली.

काकू तिच्या मागे चालायला लागल्या. आम्ही दोघं त्यांच्यामागे. उंच, पाठ ताठ, हात कोटाच्या खिशात घालून त्या चालत होत्या, आणि गाडी त्यांच्या पुढे तेवढ्याच अंतरावर, जशी माझ्या पुढे होती तशी. मग हळूहळू ती डावीकडे वळायला लागली. ओढ्याकडे.

नवऱ्यानं मला आदल्या दिवशीच समजावलं होतं, की वाऱ्यानं बर्फाच्या सऱ्या पडतात आणि स्की त्या सऱ्यांमधून जातात, म्हणून ती तिकडे गेली. मी खाली बघितलं. रात्रभर नवा बर्फ पडून तळं सपाट झालं होतं. एकही सरी नव्हती. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानंही खाली बघितलं होतं. दोरीचा आणखी एक वेढा त्यानं मनगटाला गुंडाळून घेतला.

काकूंनी एकदा हात खिशातून काढून पुढे केला. मीही अगदी तसाच केला होता. गाडी तेवढीच पुढे सरकली. फिनिशमध्ये त्या काहीतरी म्हणाल्या, हलक्या आवाजात, एखाद्याला घरी बोलवावं तसं. पायाखालून तळ्याचा घुमारा गेला. फांद्या जवळ येत होत्या. मी नवऱ्याचा दंड धरला. त्यानं दोरी ओढली आणि सगळं शांत झालं.

काकू थांबल्या होत्या. गाडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या वळून मागे बघत होत्या, स्वतःच्या पावलांकडे. गाडीच्या खुणेशेजारून ती एका ओळीत आली होती, सारख्या अंतरावर.

"अशीच होती," त्या म्हणाल्या. "अशीच."

मी जवळ गेले. त्यांच्या पापण्यांवर पाणी गोठलं होतं.

"धावावंसं वाटत नाही," त्या मला म्हणाल्या. "तू म्हणाली होतीस, तेव्हा मला कळलं नव्हतं. वाटतं, आत्ता थांबेल. शेवटपर्यंत तेच वाटतं."

"हो," मी म्हणाले.

"मग तो मरायला चालला नव्हता. गाडी पकडायला चालला होता." एवढं बोलून त्या खाली बसल्या, बर्फातच, आणि मी त्यांच्या शेजारी बसले. नवरा लांब उभा राहून उगाचच दोरीची गुंडाळी करत होता.

घरी आल्यावर त्यानं क्लच पुन्हा काढला. मी काही बोलण्याआधीच म्हणाला, "नवीन आणतो."

"दुरुस्त होतोय ना?"

"होतोय. पण बदलू." आमच्या संसारात दुरुस्त होणारी वस्तू त्यानं स्वतःहून बदलायला काढली ती एवढीच. जुना क्लच काकूंना हवा आहे का, असं मी विचारलं तर त्यांनी जोरात मान हलवली. तो स्नोमोबिलवाल्याच्या भंगारात गेला.

नव्या क्लचनं गाडी नीट उभी राहायला लागली. नवऱ्यानं अंगणात तिची खात्री करून घेतली, मग तळ्यावर नेऊन करून घेतली. मी मात्र त्यानंतर कधीही इंजिन चालू ठेवून उतरले नाही. लॅबमधून येताना ओढ्याची बाजू आली की बघायचं नाही असं ठरवायचे आणि बघायचेच.

गावात काकूंनी ती गोष्ट सांगितली. चर्चमध्ये, दुकानात, पोस्टात, कुणी विचारो न विचारो. किती जणांना पटली कोण जाणे. माझ्या हॉस्पिटलमधल्या एका नर्सनं मला हळूच विचारलं, "खरंच तसं होऊ शकतं का?" मी म्हणाले, "माझ्या बाबतीत झालं."

पुढच्या हिवाळ्यात काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या, जाड कोट आणि हातात त्यांच्या नवऱ्याचं हेल्मेट. "मला शिकव," म्हणाल्या. मी शिकवलं. पहिले काही दिवस किनाऱ्यालगत. मग एका दुपारी त्या एकट्या तळ्याच्या मध्यापर्यंत गेल्या. आम्ही दोघं खिडकीतून बघत होतो. मध्यावर जाऊन त्या थांबल्या, उतरल्या. इंजिन बंद केलं नव्हतं. धूर दिसत होता. गाडीपासून पाच-सहा पावलं बाजूला होऊन त्या नुसत्या उभ्या राहिल्या. गाडीही उभी होती. बराच वेळ दोघी तशाच.

"काय करतायत?" नवऱ्यानं विचारलं.

त्या मान किंचित तिरकी करून रिकाम्या सीटकडे बघत होत्या, समोरचा माणूस बोलायचा थांबेपर्यंत आपण थांबतो तशा. मग त्यांनी दोनदा मान हलवली, गाडीवर बसल्या, आणि बसताना, हे आम्ही दोघांनीही बघितलं, पुढे अगदी टोकाला सरकून बसल्या. मागे एका माणसाची जागा ठेवून.

त्या परत आल्या तेव्हा मी अंगणात गेले. "गाडी कशी चालली?" मी विचारलं.

"चांगली," त्या हेल्मेट काढत म्हणाल्या. "जड वाटली थोडी येताना. पण चांगली."

पुढच्या वर्षी खाणीनं माझ्या नवऱ्यालाही कमी केलं आणि आम्ही टेक्सासला, प्लेनोला गेलो. गाडी काकूंकडेच ठेवली. त्यांना आता तिची सवय झाली होती.